नियमात बसणारं स्थळ

१२ सप्टेंबर, शुक्रवार

राधेश्याम काका सकाळीच चहाला आले नि कपबशी खाली ठेवायच्या आत मला कामाला लावून गेले. काका म्हणजे माझ्या वडलांचे, आबांचे, धाकटे भाऊ, समाजाच्या वधू-वर मेळाव्याचे सचिव. डिसेंबरात परतूरला मेळावा आहे. दरसाल परिचय-पुस्तिका छापतात नि दरसाल तिच्यात चुका. गेल्या साली एका पोराचं वय छापलं दोनशे चाळीस, नि एका पोरीच्या फोटोखाली तिच्याच मामाचं नाव. मामा अजून काकांशी बोलत न्हाईत.

"मीने, तू पुण्यात एवढी कंपनी गाजवून आली," काका म्हणले, "आता आपल्या लोकाचं काहीतरी कर. अशी वेबसाइट कर, की चुकीचं कुणाला भरताच येऊ नये."

गाजवून कसली आले! जूनमध्ये कंपनीनं आमची अख्खी टीम घरी बसवली नि मी बॅग घेऊन गावाला, घनसावंगीकडं, आले. पण काकांना ते सांगून काय उपयोग, त्यांच्या लेखी पुण्याला जाऊन आलेला माणूस गाजवूनच येतो.

काम मात्र आवडीचं आहे. पायथनमध्ये करणार. डेटाबेसशी बोलायची एक लायब्ररी आहे, तिच्यात मॉडेल लिहायचं. मॉडेल म्हणजे एका माणसाच्या माहितीचा साचा, फील्ड म्हणजे त्यातला एकेक रकाना, नि व्हॅलिडेटर म्हणजे रकान्याच्या दारात बसवलेला राखणदार. वय दोनशे चाळीस म्हणलं की तो म्हणणार, पाहुणे, मागं फिरा.

संध्याकाळी धर्मराजला फोन करून सांगितलं. (समोर 'अहो' म्हणते, इथं 'तो'. इथं कोण ऐकतंय.) म्हणाला, "चांगलंय. पण नोकरीचं काय? मुलाखती देऊन राह्यली ना?" किती काळजी आहे त्याला माझी! चैत्रात आमची सुपारी फुटली, तुळशीच्या लग्नानंतर आमचं लग्न. तोवर हे काम हातावेगळं करून टाकते.

१९ सप्टेंबर

आज काकांनी कागदावर नियम लिहून आणले. पोरगी अठराच्या वर, पोरगा एकवीसच्या वर. मोबाइल दहा आकडी. देवक यादीतूनच निवडायचं, कारण एका देवकात सोयरीक होत न्हाई नि लोक अंदाजे काहीबाही लिहितात. हे सगळं बराबर आहे. 'अपेक्षा' या रकान्याला मी शंभर अक्षरांची मर्यादा घातली. लोकांच्या अपेक्षा फार असतात नि पुस्तिकेत जागा कमी.

मंग काकांनी शेवटचा नियम काढला. 'आधी सोयरीक मोडली आहे का, असल्यास कारण.' पोरींना सक्तीचं. पोरांना रकानाच न्हाई.

मी म्हणलं, "काका, सोयरीक मोडते तवा दोघांची मोडते ना? एकट्या पोरीची कशी मोडंल?"

"अगं, लोक विचारतेत."

"मंग पोराचंबी विचारू द्या की."

"पोराचं कोण विचारतंय, माय! लिही तू. एवढ्या-तेवढ्यासाठी कमिटीत भांडणं नको."

माझा पारा असा चढला की गच्चीवरच्या माझ्या खोलीतून उठून खाली गेले, पाणी प्यायले, परत आले. तवर राग उतरला. म्हणलं, जाऊ दे, मला कुठं तो फॉर्म भरायचाय. माझं तर ठरलंय. लिहून टाकला नियम. लिंग 'स्त्री' असेल तर हा रकाना रिकामा चालणार न्हाई, नि 'पुरुष' असेल तर दिसणारच न्हाई.

२८ सप्टेंबर

आज फजिती झाली. गेल्या सालची नावं एक्सेलमधून एकदम आत ओतली नि बघते तर दोनशे चाळीस वर्षांचा नवरदेव थाटात आत बसलेला! माझे एवढे कडक राखणदार, नि हा बाबा गेला कसा?

दुपारभर डोकं फोडल्यावर कळलं. ही लायब्ररी नोंद जपून ठेवताना व्हॅलिडेटर आपणहून चालवत न्हाई. आपण हाक मारावी लागते, की बाबांनो, तपासा आता. फॉर्ममधून माहिती आली तर ती हाक फॉर्म मारतो. मी थेट आत ओतली, हाक कुणी मारलीच न्हाई. नियम सगळे जागेवर, पण विचारलं कुणी न्हाई म्हणून कुणी अडवलं न्हाई.

धर्मराजला हे हसत हसत सांगितलं. तो "हं" म्हणाला. त्याला मीटिंग होती.

३ ऑक्टोबर, दसऱ्याचा दुसरा दिवस

आमच्याकडं सुपारी फुटली की दसऱ्याला सासरहून साडी येते. आली न्हाई. माय काल दिवसभर दारातून आत, आतून दारात. मी म्हणलं, "अगं, आता कोण मानतं हे? ते लोक सुधारलेले आहेत." माय उठून आत गेली. पुरणाच्या पोळ्या दोन घरी वाटून आली.

आबा काल परतूरला गेल्ते. सणाच्या दिवशी कुणी जातं का! म्हणले, कापसाचा भाव बघायला. पावसानं निम्मा कापूस काळा पडलाय, भाव कसला बघायचा? आल्यावर जेवले न्हाईत, खाटेवर पडून राह्यले. कापसाचं फार मनाला लावून घेतात ते.

१४ ऑक्टोबर

आज धर्मराजनं आपणहून फोन केला! आठ-दहा दिवसांनी. मी एवढी खूश झाले की हातातलं पीठ फोनला लागलं. वेबसाइटचं सगळं विचारलं त्यानं. कधी सुरू होणार, पुण्यातून भरता येतं का, फोटो किती मोठा लागतो. मी म्हणलं, "तुम्हाला कशाला पाह्यजे हो?" तर म्हणाला, "एका मित्राचं आहे."

मी लिंक पाठवली. वर समजावून सांगितलं, की मित्राला म्हणावं, उंचीला दोन रकाने आहेत, फूट एकात नि इंच एकात. न्हाईतर लोक '५ फूट ८' एकातच लिहितात नि फॉर्म अडतो. म्हणाला, "हुशार आहेस तू." मंग म्हणाला, "मीना, तू चांगली आहेस खूप." नि ठेवला.

दिवसभर गाणं गुणगुणत होते. माय हसली माझ्याकडं बघून, पण लगेच पदरानं तोंड पुसत चुलीकडं वळली.

७ नोव्हेंबर

तुळशीची लग्नं लागली. आमची तारीख अजून निघाली न्हाई. आबा म्हणतात, त्यांच्याकडं गुरुजी बघून राह्यले. कोणता गुरुजी आहे तो, एवढं पंचांग तर मी एका दुपारी वाचून काढीन!

वेबसाइट मात्र सुरू झाली नि माझी झोप गेली. काकांनी पत्रकावर 'फॉर्म भरण्यास मदत' म्हणून माझा नंबर छापला, मला न विचारता. नाव तरी छापलं न्हाई, तेवढी मेहेरबानी. फोनवर फोन. एका आजोबांनी नातवाच्या जागी स्वतःचा फोटो टाकला, म्हणे, "आमच्या घराण्याचं नाक कळावं." एक बाई रडायला आल्या, की यंत्र माझ्या लेकीला घेईना. बघितलं तर लेक सतरा वर्षांची. मी म्हणलं, मावशी, घेणार न्हाई नि घेऊपण नये, शिकू द्या तिला. त्यांनी मला दोन शिव्या घातल्या. मला बिलकुल वाईट वाटलं न्हाई. माझ्या राखणदारानं एक पोरगी वाचवली, उगं न्हाई.

१५ नोव्हेंबर, शनिवार

लिहिते. लिहिल्याशिवाय हात थांबणार न्हाईत.

दुपारी फोन आला. "मेळाव्याच्या मदतीचा नंबर ना? परतूरहून बोलून राह्यलो. पोराचा फॉर्म भरतोय, शेवटाला लाल अक्षर येतंय."

मी म्हणलं, "काळजी करू नका काका, पोराचं नाव सांगा. इथून अर्धा भरलेला फॉर्म दिसतो मला."

त्यांनी नाव सांगितलं. धर्मराज. पुढं वडलांचं, साहेबराव. पुढं आडनाव. पुढं गाव.

"आवाज येतोय ना?" ते म्हणले. मी म्हणलं, येतोय.

त्यांनी मला ओळखलं न्हाई. कसं ओळखतील? सुपारीच्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन पाया पडले, तेवढंच. सासऱ्याशी फोनवर बोलायची आमच्यात रीत न्हाई. बोलणं सगळं आबांशी.

स्क्रीनवर त्याचा फोटो होता. उंचीच्या दोन रकान्यांत फूट नि इंच बराबर भरलेले. वय, देवक, शिक्षण, पुण्यातली कंपनी, सगळ्यापुढं हिरवी खूण. फक्त 'अपेक्षा' लाल.

"काका, अपेक्षा जास्त झाल्यात. शंभर अक्षरांत बसवा."

"वाचून दाखव बरं काय लिहिलंय. पोरानं लिहून पाठवलं, मी फक्त चिटकवलं."

मी वाचलं. मोठ्यानं वाचलं. 'मुलगी सध्या चालू नोकरीत असावी. घरी बसून किरकोळ काम करणारी नको. पुण्यात कायम राहण्याची तयारी असावी. नोकरी कंपनीची व सुरक्षित असावी. नोकरी सोडलेली अथवा गेलेली नको.'

"यातलं काय काढू, पोरी?"

मी म्हणलं, "काका, 'मुलगी कायम नोकरीत असावी, पुण्यात' एवढं लिहा. बाकीचं त्यातच आलं."

"शाबास. टाक तूच तिथून." मी टाकलं. हिरवी खूण आली.

मंग मी विचारलं. विचारायचं कारण नव्हतं, यंत्र विचारत न्हाई, मी विचारलं. "काका, आधी कुठं ठरलं होतं का?"

"होतं एक, घनसावंगीकडं. माणसं चांगली होती, काही बोलायला जागा न्हाई. पण पोरीची नोकरी गेली. पोरगं म्हणलं, नको. मी दसऱ्यालाच सुपारी-नारळ वापस केला, उगं कुणाची पोरगी कशाला अडकवून ठेवायची? ते लिहावं लागतं का?"

"न्हाई काका. पोरांना तो रकाना न्हाई."

"बरं झालं. गोड बोलतेस पोरी. कुणाची तू?"

मी म्हणलं, आवाज तुटून राह्यला, काका. नि फोन ठेवला.

१७ नोव्हेंबर

काल कॉट सोडली न्हाई. मायला म्हणलं, डोकं दुखतंय.

आज त्याला फोन केला. तीनदा कापला, चौथ्यांदा उचलला. मी म्हणलं, "मित्राचा फॉर्म भरला का?"

तो म्हणाला, "मला वाटलं, तुला घरून कळलं असंल. मी सांगणारच होतो."

"कवा? अक्षता पडल्यावर?"

"तू एवढी आनंदात होतीस त्या कामात. मला बोलवेना. मीना, दोघांच्या पगाराशिवाय पुण्यात घर होत न्हाई. मी वाईट माणूस न्हाई."

मला त्याला खूप बोलायचं होतं. पुण्यात त्याला डेंगू झाला तवा रोज डबा कोण नेऊन देत होतं, ते विचारायचं होतं. त्याच्या कंपनीच्या परीक्षेचा अभ्यास कुणी करून घेतला, ते विचारायचं होतं. ऐन वेळी तोंडातून काय निघालं, तर "नीट जेवत जा." माझ्या तोंडाला आग लागो.

मंग गच्चीवरच्या खोलीचं दार लावून रडले. टॉवेल तोंडात कोंबून रडले. एवढं रडू माणसात असतं, हे मला माहीत नव्हतं.

१९ नोव्हेंबर

आज आबांना विचारलं. ते उसाला पाणी देऊन राह्यले होते. बांधावर जाऊन उभी राहिले नि म्हणलं, "आबा, नारळ कुठंय?"

त्यांनी खोऱ्यावरचा हात काढला न्हाई. "विहिरीवर, मोटारीच्या खोलीत हाये, पोत्याखाली."

"मला का सांगितलं न्हाई?"

"मला वाटलं, वळवीन त्यांना. चारदा गेलो, माय. हात जोडले. म्हणलं, पोरगी हुशार हाये, लागंल नोकरी, जरा दम धरा." आबा बांधावर खाली बसले. "घरी आलो की तू त्या कामात हसत असायची. म्हणलं, आज नको सांगाया, उद्या सांगू. असं करून करून..."

म्हणजे दसऱ्यापासून आबांना माहीत, मायला माहीत. आणि मी म्हणत बसले कापूस, पंचांग, मीटिंग. एवढ्या लोकांच्या माहितीतल्या चुका काढल्या मी, नि माझ्या घरात काय चाललंय ते मला दिसलं न्हाई. कुणी मला हाक मारून विचारलं न्हाई, नि मीपण कुणाला विचारलं न्हाई.

आबांवर ओरडायला गेल्ते. त्यांच्या पाठीला धरून रडत बसले. पाणी दांड फोडून शेजारच्याच्या रानात गेलं, कुणी उठलं न्हाई.

२२ नोव्हेंबर

राधेश्याम काकांना कळलं. फटफटी लावली न लावली, तसेच जिना चढून वर आले. काय शिव्या दिल्या त्यांनी परतूरवाल्यांना! "त्याची नोंद उडव आत्ताच. न्हाईतर असा एखादा नियम टाक, की त्याचा फॉर्मच घेऊ नये."

"कोणता नियम टाकू काका?"

"कोणताबी! तुला येतं ना सगळं?"

"वय बराबर आहे. देवक बराबर आहे. अविवाहित आहे, ते खरंय. सुपारी वापस केलीय, तेपण खरंय. तो सगळ्या नियमात बसतो, काका. त्याला अडवील असा रकाना माझ्याकडं न्हाई."

काका खुर्चीवर बसले. म्हणले, "तुझाबी भरून टाकू का या साली? तारीख हाये अजून."

मी लॅपटॉप त्यांच्याकडं फिरवला. पोरींच्या फॉर्ममधला तो रकाना दाखवला. 'आधी सोयरीक मोडली आहे का, असल्यास कारण.' म्हणलं, "सांगा, कारण काय लिहू? तुम्ही सांगाल ते लिहिते."

काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. म्हणले, "काढून टाक ते."

"कमिटी भांडंल."

"भांडू दे. मी बसतो भांडत."

काढला. दोन ओळी होत्या, पुसून टाकल्या. ज्या पोरींनी त्या रकान्यात कारणं लिहिली होती तीपण पुसली. पुसायच्या आधी वाचली न्हाईत. माझा फॉर्म मात्र भरला न्हाई. काकांना म्हणलं, पुढच्या साली बघू. ते बरं म्हणले.

धर्मराजची नोंद मंजुरीला थांबली होती. काका गेल्यावर मीच मंजूर केली. अडवून काय मिळणार होतं?

७ डिसेंबर, रविवार

मेळावा झाला. सगळे म्हणत होते, तू येऊ नको. माय तर दारात आडवी उभी राह्यली. पण स्क्रीनवर माहिती दाखवायचं काम दुसऱ्या कुणाला येत न्हाई, आणि मी तोंड लपवून घरी का बसू? मी काय केलंय? मायची निळी साडी नेसले नि गेले.

मंगल कार्यालयात स्टेजच्या बाजूला, पडद्याच्या आड मला टेबल दिलं. नाव पुकारलं की मी त्या माणसाची माहिती स्क्रीनवर लावायची. या साली एक चूक न्हाई. ज्या मामांचं नाव भाचीच्या फोटोखाली छापलं होतं, ते येऊन काकांच्या गळ्यात पडले. माणसं म्हणत होती, काय झ्याक काम केलंय पोरीनं.

जेवणाआधी त्याचं नाव पुकारलं. मी लावलं. फोटो, उंची, कंपनी, अपेक्षा. तो स्टेजवर आला. वाळलाय जरा. पडद्याच्या फटीतून मला बराबर दिसत होता, मी त्याला दिसत नव्हते. माइक हातात घेतला नि म्हणाला, "नमस्कार, मी धर्मराज," आणि तिथंच आवाज बसला. चार लोकांसमोर बोलायचं म्हणलं की त्याचा घसा कोरडा पडतो. खोकायला लागला. इकडंतिकडं बघायला लागला.

माझ्या टेबलावर पाण्याची बाटली होती. मी ती उचलली, झाकण काढलं नि पडदा सारून निघाले. स्टेजच्या पायरीवर पाय ठेवला तवा काकांनी माझा दंड धरला. नुसता धरून ठेवला. तवर पहिल्या रांगेतून कुण्या पोरीच्या बापानं त्याला पाणी नेऊन दिलं. तो प्यायला, हसला, नि पुढं बोलायला लागला.

मी परत येऊन बसले. खालून आवाज आला, "पुढचं नाव लावा ओ ताई." माझ्या हातातली बाटली अजून उघडीच होती, पाणी साडीवर सांडून राह्यलं होतं. मी पुढचं नाव लावलं.